खड्डा खणणारे पुढे, संत मागे

वाचकांचे प्रश्न : चित्र कसं पाहावं

प्रश्न : बाई, नमस्कार. मी खटाव तालुक्यातला. दुकानांच्या पाट्या आणि देवळांची रंगकामं करतो. चित्रकलेचं शिक्षण दोन वर्षं झालं, पुढं घरच्या अडचणीत सुटलं. आमच्या गावच्या सभागृहासाठी १९४२ च्या वडूजच्या हुतात्म्यांचं मोठं चित्र करायला मला सांगितलंय. ९ सप्टेंबरचा मोर्चा, हातात तिरंगा घेतलेले परशुराम घार्गे, गोळीबार हे सगळेच काढतात. मला त्यानंतरचं काढायचं आहे, माणसं आपल्या माणसाला शेवटचं घेऊन जातात तेव्हाचं. संदर्भ शोधताना इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं ‘संत लुसीचं दफन’ सापडलं आणि तिथंच अडकलो. अर्धं चित्र म्हणजे रिकामी भिंत. संत जमिनीवर, बारीकशी. पुढं खड्डा खणणारे दोघं राक्षसाएवढे, एकाची तर पाठच आपल्याकडे. जिच्यासाठी चित्र काढलं तीच मागं? हे चित्र अपुरं राहिलंय का, की मलाच वाचता येत नाही?
— एक वाचक, वडूजजवळून

उत्तर : चित्र पुरं आहे आणि तुम्हाला ते वाचताही आलंय. रिकामी भिंत, लहानशी संत, आपल्याकडे पाठ केलेला धिप्पाड माणूस. पुष्कळजण ‘वा, काय छायाप्रकाश’ म्हणून पुढं जातात, त्यांना यातलं काही दिसत नाही. तुम्हाला दिसलं, पण ते चित्रकाराचं चुकलंय असं वाटलं. त्यानं हे सगळं ठरवून केलंय असं धरू आणि पुन्हा चित्रासमोर बसू.

चित्र १६०८ सालचं, इटलीजवळच्या सिसिली बेटावरच्या सिराकुझा शहरातलं. उंची ४०८ सेंटिमीटर, रुंदी ३००. म्हणजे तेरा फुटांहून जास्त उंच आणि जवळजवळ दहा फूट रुंद. मोबाईलवर याचा काही पत्ता लागत नाही. मी शिकवत होते तेव्हा मुलांना घेऊन सांगलीत गावभागातल्या एका जुन्या वाड्याच्या बाहेरच्या भिंतीवर ही चौकट खडूनं आखली होती. शिडी आणावी लागली. मग छापील चित्र हातात धरून माणसांच्या जागा आखल्या. सगळी माणसं साधारण खालच्या अर्ध्यात संपली. पुढच्या खणणाऱ्याच्या जागी वर्गातला सगळ्यात दांडगा मुलगा वाकवून उभा केला, तरी आखलेली पाठ त्याच्या पाठीहून मोठी भरली. लुसीसाठी उरली ती दोन खणणाऱ्यांच्या मधली जमिनीलगतची पट्टी. एका मुलीनं विचारलं, “बाई, वर काय काढायचं?” तिला म्हटलं, खडू खाली ठेव आणि चार पावलं मागं ये.

तुमच्या सभागृहात हेच करा. कागदावर चित्र ठरवू नका.

आता गोष्ट. लुसी सिराकुझाचीच. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ चालला होता, त्यात इ.स. ३०४ मध्ये ती मारली गेली अशी परंपरा आहे. आईचं दुखणं बरं झालं म्हणून तिनं आपला हुंडा गरिबांना वाटून टाकला, लग्न ठरलेल्या मुलानं चिडून तिच्याविरुद्ध तक्रार केली, न्यायाधीशानं तिला कुंटणखान्यात न्यायची शिक्षा दिली. पण ती जागची हलेना. बैल जुंपले, तरी हलली नाही. जाळायला गेले, आग लागली नाही. शेवटी गळ्यात शस्त्र खुपसलं.

बैल आहेत, आग आहे, चिडलेला न्यायाधीश आहे. तुमच्या मोर्चासारखंच, सगळे जे काढतात ते सगळं तयार होतं. काराव्हाज्जोनं त्यातलं काहीच घेतलं नाही. सगळं होऊन गेल्यावरची वेळ त्यानं निवडली. तुम्हीही नेमकी तीच निवडलीत, म्हणून तुमचं पत्र वाचताना मला फार आनंद झाला.

चित्राचा अर्थ शोधण्याआधी मी मुलांना एकच विचारते, यात कोण काय करतंय? इथं विचारून पाहा. उजवीकडे बिशप, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू आहे, पण माणसांच्या आणि त्या मोठ्या पाठीच्या मागं दडलेला. त्याची टोपी आणि आशीर्वादासाठी उचललेला हात तेवढा कळतो. त्याच्याजवळ चिलखतातला अधिकारी. मधे एक म्हातारी गुडघ्यावर, चेहरा हातात घेतलेली. मागं उभ्या माणसांची रांग, त्यात खांद्यावरून लाल वस्त्र घेतलेला एक तरुण, हात गुंफून खाली बघणारा. साऱ्या मातकट चित्रात डोळा धरून ठेवणारा रंग तो एकच. आणि लुसी, नुसत्या जमिनीवर, एक हात अंगापासून लांब पडलेला. या सगळ्यांचं करणं थांबलंय. रडणारे रडतायत, बघणारे बघतायत. काम चाललंय ते फक्त दोघांचं.

माझ्या मते या चित्राचा विषयच हा आहे. मरण इथं घडून गेलंय, शोक मागच्या रांगेत गेलाय, आणि सगळ्यात पुढं आहे ती मेलेल्या माणसासाठी करावी लागणारी मेहनत. मातीला गेलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. आपल्याकडं लिंगायतांत माती देतात, मुसलमानांत देतात, मिरजेला ख्रिस्ती लोकांत देतात. कुणाच्याही मातीला उभं राहिलं की थोड्या वेळानं आपली नजर मयताच्या चेहऱ्यावरून सुटते आणि खोऱ्याकडं जाते. खड्डा पुरेसा झाला का, बाजू ढासळत नाही ना. त्या क्षणी तिथं सगळ्यात गरजेचा माणूस कोण असतो? काराव्हाज्जोनं गरजेप्रमाणं माणसं मोठी केली.

काही अभ्यासकांना या दोघांत क्रूरपणा दिसतो. मारेकऱ्यांचेच हे भाऊबंद, निबर, संताकडं न बघणारे, असं त्यांचं वाचन. माझं त्यांच्याशी पटत नाही. हरिपूरला हळदीची पेवं आहेत, जमिनीत खोल खणलेली, अरुंद तोंडाची. त्यांत उतरून काम करणारी माणसं मी लहानपणापासून पाहिली. वाकलेल्या पाठीवर, खांद्याच्या वळणावर उजेड पडतो आणि चेहरा खाली अंधारात जातो. चेहरा दिसत नाही म्हणून तो माणूस निर्दय ठरत नाही. तो कामात आहे. या चित्रातली पाठ मला तशीच वाटते. चेहऱ्यापेक्षा पाठ रंगवणं अवघड, कारण तिथं डोळे आणि ओठ मदतीला येत नाहीत.

एक जुना पुरावाही देते. बेल्लोरी नावाच्या चरित्रकारानं १६७२ मध्ये या चित्राचं अगदी थोडक्यात वर्णन केलंय : मृत संत, तिला आशीर्वाद देणारा बिशप आणि तिला पुरण्यासाठी फावड्यांनी जमीन खणणारे दोघं. तरुण नाही, म्हातारी नाही, अधिकारी नाही. खणणारे मात्र आहेत.

आता भिंत. घाईत होता म्हणून वरचं सोडलं, असं सहज म्हणता येईल. त्याला घाई होती हे खरंच. १६०६ च्या मे महिन्यात रोममध्ये त्याच्या हातून एक माणूस मारला गेला, देहदंडाची शिक्षा झाली, तो पळाला. नेपल्स, मग माल्टा. १६०८ च्या जुलैत माल्टाच्या धर्मयोद्ध्यांच्या संघात त्याला मानानं घेतलं, थोड्याच दिवसांत मारामारीवरून कैदेत टाकलं, आणि ऑक्टोबरात तिथून निसटून तो सिराकुझाला आला. रोमपासूनचा जुना मित्र, चित्रकार मारिओ मिन्नीती, तिथं होता. त्यानं खटपट करून हे काम मिळवून दिलं असं सांगतात. लुसीचा सण १३ डिसेंबरला. त्याआधी चित्र हवं होतं असं मानतात.

पण माल्टातच, त्याच वर्षी काढलेलं संत योहानाच्या शिरच्छेदाचं चित्र पाहा. पाच मीटरहून रुंद, आणि तिथंही माणसं एका बाजूला गोळा, बाकी तुरुंगाची ओकी भिंत. पुढल्या वर्षी सिसिलीतल्याच मेस्सीनात काढलेल्या, येशूनं मेलेल्यातून उठवलेल्या लाझारसच्या चित्रात पुन्हा वरचा अर्धा भाग अंधाराचा. तीन मोठ्या चित्रांत सलग जे येतं त्याला घाई म्हणत नाहीत. ते त्याला सापडलं होतं.

शिवाय ही भिंत सिराकुझाची आहे. त्या शहराला चुनखडीच्या दगडाच्या प्रचंड जुन्या खाणी आहेत. इ.स.पूर्व ४१३ मध्ये हरलेल्या अथेन्सच्या हजारो सैनिकांना त्याच खाणींत कोंडलं होतं, आणि पुष्कळजण तिथंच मेले. मिराबेल्ला नावाच्या स्थानिक विद्वानानं काराव्हाज्जोला तिथली एक कानाच्या आकाराची गुहा दाखवली आणि ‘हा डायोनिसियसचा कान’ असं (डायोनिसियस हा सिराकुझाचा प्राचीन जुलमी राजा) तिचं नाव काराव्हाज्जोनंच सुचवलं, असं मिराबेल्लानं १६१३ मध्ये लिहून ठेवलंय. म्हणजे काराव्हाज्जो त्या कड्यांखाली उभा राहिला होता. चित्रातली भिंत आणि तिच्यातली कमान त्या खाणींची, की तिथल्या भुयारी दफनघरांची, यावर वाद घाला हवा तर. त्या दगडाखाली माणूस केवढासा वाटतो, हे मात्र त्यानं अंगावर घेतलं होतं.

तुम्ही रंगारी आहात म्हणून रंगाचंही सांगते. कॅनव्हासला त्यानं आधी गडद पिंगट अस्तर दिलं आणि पुष्कळ जागी तेच उघडं ठेवून सावली म्हणून वापरलं. तेव्हा ‘रिकामं’ म्हणजे न रंगवलेलं नव्हे. मात्र हेही ध्यानात ठेवा की या चित्रानं दमट हवेचा फार मार खाल्लाय. खूप रंग गळलाय, दुरुस्त्या झाल्यात. आज दिसणाऱ्या भिंतीत काळाचाही हात आहे.

लुसीच्या गळ्याकडं बघा. तिथं एक चीर आहे, बस. गेल्या शतकात डागडुजीच्या वेळी तपासणीत लक्षात आलं की आधी त्यानं मुंडकं धडापासून पुरतं वेगळं काढलं होतं. नंतर ते जोडलं आणि फक्त जखम ठेवली. चित्रकाराचं आयुष्य त्याच्या चित्राला चिकटवायला मी एरवी तयार होत नाही. पण देहदंडाची शिक्षा डोक्यावर घेऊन फिरणारा माणूस तुटलेलं मुंडकं काढतो आणि मग स्वतःच्याच हातानं जोडतो, हे वाचून मी बराच वेळ पुढं काही वाचू शकले नव्हते. कारण काहीही असो, चित्राचा त्यानं फायदा झाला. मुंडकं तुटलेलं असतं तर सगळ्यांची नजर तिथंच खिळली असती. आता आपण तिला शोधतो, खणणाऱ्यांच्या मधून वाट काढत तिच्यापर्यंत जातो.

तुम्ही विचारलंत, जिच्यासाठी चित्र तीच मागं का. याला मला सगळ्यात जवळचं वाटणारं उत्तर त्या देवळातच आहे. हे चित्र ज्या चर्चसाठी काढलं ते लुसीला जिथं पुरलं असं मानतात त्या जागेवरचं, खाली भुयारी दफनघरं असलेलं. पण १६०८ मध्ये ती कबर रिकामी होती. १०३९ मध्ये बायझंटाईन सेनापती मानियाकेस तिचे अवशेष कॉन्स्टँटिनोपलला घेऊन गेला असं सांगतात, आणि १२०४ मध्ये ते शहर लुटलं गेल्यावर ते व्हेनिसला पोचले. व्हेनिसमध्ये आजही ते आहेत. पाचशेहून जास्त वर्षं सिराकुझाकडं आपली लुसी नव्हती. होती ती जागा, आणि ‘आम्ही तिला इथं माती दिली’ ही आठवण. अशा गावाला दफनाचंच चित्र हवंसं वाटलं यात मला नवल वाटत नाही. मोठं काय, तर जे त्यांच्याकडं उरलं होतं ते : इथली माती आणि ती खणणारे इथले हात.

आता वडूज. त्याची भिंत उचलून आणू नका, खटाव माणदेशाच्या उघड्या माळावर ती परकी दिसेल. त्याचा प्रश्न उचला : त्या दिवशी काम कोणी केलं? तिरडी कोणी बांधली, लाकडं कुणाच्या परड्यातली आली, पाणी कोणी शेंदलं, पोलिसांची दहशत असताना पुढं कोण झालं. हुतात्म्यांच्या घरी जा, शेजारच्या घरी जा, म्हाताऱ्या बायांना विचारा. अशा गोष्टी बायकांच्या लक्षात राहतात. जे कळेल तेवढंच काढा, पदरचं घालू नका. कळलेल्यातला सगळ्यात साधा माणूस पुढं घ्या, पाठमोरा असला तरी घ्या. हुतात्म्याचा चेहरा उजळ करायला तेजोवलय लागत नाही, त्याच्याभोवती राबणारी माणसं पुरतात. रक्त जपून वापरा.

आणि समितीतलं कोणी ‘वरचा भाग मोकळा राहिला, पैसे पूर्ण कसे द्यायचे’ म्हणालं, तर वाद घालू नका. भिंतीवर खडूनं पूर्ण मापात आखा, चार जणांना संध्याकाळी समोर उभं करा. मग त्या मोकळ्या जागेत त्यांनाच काही भरावंसं वाटतं का, ते विचारा.

प्रश्न : माझ्या नववीतल्या मुलीला हे चित्र दाखवलं. ती म्हणाली, “हे देवाधर्माचं चित्र आहे, तर यात देव कुठं आहे?” मला उत्तर देता आलं नाही.
— एक पालक, विटा

उत्तर : तुमच्या मुलीनं चारशे वर्षांपूर्वीच्या लोकांनाही पडला असेल असा प्रश्न विचारलाय. त्या काळच्या हौतात्म्याच्या चित्रांत वरच्या भागात बहुधा आकाश उघडतं, देवदूत विजयाची फांदी किंवा मुकुट घेऊन खाली येतात. काराव्हाज्जोनं स्वतःही तसा देवदूत काढलाय. रोममधल्या त्याच्या संत मॅथ्यूच्या हौतात्म्याच्या चित्रात, १६०० च्या सुमाराच्या, एक देवदूत ढगावरून वाकून फांदी देतोय. म्हणजे त्याला येत नव्हतं असं नाही. आठेक वर्षांनी लुसीच्या वेळी त्यानं ती जागा मोकळी ठेवली.

याचा अर्थ त्याची श्रद्धा आटली होती असा काढतात. मी काढणार नाही. तिला बिशपचा हात दाखवा. जवळजवळ सगळं अंग झाकून गेलंय, पण आशीर्वादाचा हात त्यानं झाकला नाही. मग त्या लाल वस्त्रातल्या तरुणाची खाली गेलेली नजर दाखवा, आणि ती जिथं पोचते तिथली लुसी. आणि मग तिलाच विचारा, तुला कुठं सापडतो? ती जे म्हणेल ते ऐकून घ्या, लगेच दुरुस्त करू नका. मृत्यूचं चित्र मुलांना दाखवावं का, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. सोबत बसून दाखवावं, नववीत तर नक्कीच. घरातल्या माणसाच्या मरणाला त्यांना सामोरं जावंच लागतं. एवढ्या आदरानं काढलेलं मरण त्याआधी पाहिलेलं बरं.

प्रश्न : संत लुसीच्या हातात ताटली आणि ताटलीत दोन डोळे, असं चित्र मी मिरजेत एका घरी पाहिलं. ती हीच का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : हीच. दृष्टीची रक्षक म्हणून तिला मानतात. तिचे डोळे काढले, किंवा तिनंच काढून दिले, ही कथा मागाहून जोडली गेली आणि चित्रांत ताटली आली. काराव्हाज्जोच्या चित्रात ताटली नाही, त्यामुळं नाव माहीत नसेल तर ती कोण हे कळणारही नाही.

प्रश्न : छापील चित्रावरून मापाचा अंदाज येत नाही असं तुम्ही नेहमी लिहिता. आम्ही युरोपात कुठं जाणार? सातारा सांगलीकडं मोठी मूळ तैलचित्रं बघायला मिळतील का?
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : औंधला जा. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये यमाईच्या डोंगरावर उभं केलेलं भवानी संग्रहालय आहे. ते स्वतः चित्रकार होते. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं तिथं आहेत, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मुलाचं शिल्पही आहे. मुलांना एकेका चित्रासमोर निदान दहा मिनिटं बसवा, माहितीची पाटी आधी वाचू देऊ नका. रविवर्म्याच्या चित्रात उजेड कुठून येतो, कोण पुढं, कोण मागं, कुणाचे हात कामात आहेत, हे त्यांना वहीत लिहायला सांगा. वह्या आणि पेन्सिली सोबत न्या, आणि निघण्याआधी संग्रहालयाचा सुट्टीचा वार विचारून घ्या.